विषयांची निवड आणि वेळापत्रकाची सत्ता

महाविद्यालयात विद्यार्थी आपले विषय निवडतो, असे आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात निवडीचा हा अधिकार फार जुना नाही आणि तो कधीच संपूर्ण नव्हता. कोणता विषय कोणत्या वर्षी, कोणत्या क्रमांकाखाली आणि कोणत्या तासाला शिकवायचा, हे ठरविणाऱ्यांच्या हाती खरी सूत्रे राहिली आहेत. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेल्या आपल्यासारख्या मराठी घराण्यांना या इतिहासाची ओळख असणे अगत्याचे आहे, असे आम्हांस वाटते.

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाले. विद्यापीठाने परीक्षा घ्यावी आणि संलग्न महाविद्यालयांनी शिकवावे, अशी ती रचना होती. १८६२ मध्ये बी.ए. झालेल्या पहिल्या तुकडीत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. त्या काळी विषय नेमलेले, पुस्तके नेमलेली आणि परीक्षाही ठरलेली. विद्यार्थ्याने निवडावे असे थोडेच उरे. आरंभीच्या परीक्षांत देशी भाषांना काही स्थान होते; तेही १८६० च्या दशकात वरच्या परीक्षांतून गेले. बुद्धीला वळण लावण्याचे सामर्थ्य संस्कृत, लॅटिन यांसारख्या अभिजात भाषांतच आहे, अशी त्यामागील धारणा होती. मराठी विद्यार्थ्याला संस्कृत घेता येई, मराठी घेता येत नसे. रानड्यांनी देशी भाषांसाठी अखेरपर्यंत आग्रह धरला, आणि एम.ए.च्या परीक्षेत त्यांचा शिरकाव झाला तो विसाव्या शतकाच्या आरंभी. मातृभाषेतून उच्च शिक्षण देण्याचे धाडस महर्षी कर्वे यांनी १९१६ मध्ये आपल्या महिला विद्यापीठात केले, तर कलकत्त्यास आशुतोष मुखर्जींनी १९१९ मध्ये देशी भाषांचा एम.ए. सुरू केला.

आमच्या बडोद्याची गोष्ट या संदर्भात बोलकी आहे. येथील महाविद्यालय १८८१ मध्ये सुरू झाले आणि मुंबई विद्यापीठाशी जोडले गेले. ज्या सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सबंध संस्थानाला लागू केले, त्यांच्या राजधानीतील महाविद्यालयात पदवीसाठी काय शिकवावे, हे मात्र मुंबईचे सिनेट ठरवीत असे. १९४९ मध्ये महाराजांच्या नावाचे स्वतंत्र विद्यापीठ झाले, तेव्हाच ही स्थिती पालटली.

निवडीची कल्पना जोमाने फोफावली ती अमेरिकेत. चार्ल्स एलियट हे १८६९ ते १९०९ अशी चाळीस वर्षे हार्वर्डचे अध्यक्ष होते. त्यांनी सक्तीचे विषय क्रमाक्रमाने कमी केले. १८९७ पर्यंत पहिल्या वर्षाच्या इंग्रजी लेखनाखेरीज जवळजवळ काहीच सक्तीचे उरले नाही. परिणामी कोणी चार वर्षे केवळ प्रारंभिक विषयच चाखत राही, तर कोणी सकाळचे तास टाळून विषय ठरवी. एलियट यांच्यानंतर आलेल्या लॉवेल यांनी लगाम घातला : सोळा अभ्यासक्रमांपैकी किमान सहा एकाच क्षेत्रातील असावेत, उरलेल्यांतील काही इतर क्षेत्रांत विभागलेले असावेत. आज जगभर रूढ असलेल्या ‘मुख्य विषय व इतर विषय’ या रचनेचे मूळ पुष्कळ अंशी येथे आहे.

निवड आली की मोजमाप आले. त्याचा उगम, आमच्यासारख्या निवृत्तिवेतनधारकांना गंमत वाटेल, निवृत्तिवेतनातच आहे. अँड्र्यू कार्नेगी यांनी १९०५ मध्ये प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी एक कोटी डॉलर दिले. लाभ हवा असेल, तर प्रवेशासाठी माध्यमिक शिक्षणाची ठरावीक एकके मागा, अशी अट महाविद्यालयांना घातली गेली. एक एकक म्हणजे वर्षभरात सुमारे १२० तास. तासांवर विद्या मोजण्याची ती रीत पुढे महाविद्यालयांतही पसरली. क्रमांकांचेही तसेच. ‘१०१’ हा क्रमांक प्रारंभिक अभ्यासक्रमाला दिल्याची एक जुनी नोंद बफेलो विद्यापीठाच्या १९२९ च्या माहितीपुस्तकात आढळते.

आपल्याकडे ‘पेपर पहिला, पेपर दुसरा’ ही जुनी पद्धत केवळ क्रम सांगे, पायरी सांगत नसे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ मध्ये निवडीवर आधारित श्रेयांक पद्धतीची मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात क्रमांकांना अर्थ दिला : १०० ते १९९ प्रारंभिक, २०० ते २९९ मध्यम, ३०० ते ३९९ वरच्या, तर ४०० ते ४९९ प्रगत पातळीचे. एक श्रेयांक म्हणजे सत्रात व्याख्यानाचे १५ तास. तीन वर्षांच्या पदवीस किमान १२० श्रेयांक, आणि त्यांतील ८ भाषिक क्षमतेसाठी, त्यांत आधुनिक भारतीय भाषांवर भर. मराठीला रानड्यांच्या काळी बंद असलेले दार कागदावर तरी आता उघडे आहे.

परंतु आमचे आयुष्य कचेरीत रकाने भरण्यात गेले असल्याने कागद आणि कारभार यांतील अंतर आम्ही जाणतो. चार श्रेयांकांच्या विषयाला आठवड्यात चार तास लागतात. वेळापत्रकात मराठी आणि अर्थशास्त्र एकाच तासाला मांडले, तर नियमाने दोन्ही खुले असूनही विद्यार्थ्याला एकच घेता येतो. आणि पोटाच्या चिंतेने तो कोणता घेईल, हे सांगावयास नको. पुढच्या वर्षी मराठीची पटसंख्या घटते, तिसऱ्या वर्षी पुरेसे विद्यार्थी नाहीत म्हणून वर्ग बंद होतो, आणि मग मराठीला मागणीच नाही, असा शेरा पडतो. असा शेरा मराठी वस्तीच्या एकाहून अधिक गावी आमच्या कानी आला आहे. कोणी मराठीचा द्वेष केला असे नव्हे. एका रकान्यात दोन विषय बसविले गेले, इतकेच.

म्हणून भाषाप्रेमाची भाषणे करताना आपल्या मंडळांनी एक रुक्ष कामही अंगावर घ्यावे. प्रवेश सुरू होण्यापूर्वी गावच्या महाविद्यालयात जाऊन मराठी कोणत्या गटात आणि कोणत्या तासाला ठेवली आहे, हे पाहावे. ती लोकप्रिय विषयाच्या तासाशी भिडत असेल, तर वेळेवर लेखी विनंती द्यावी, सोबत मराठी घेऊ इच्छिणाऱ्या मुलांची नावे जोडावीत. वेळापत्रक एकदा फळ्यावर लागले की ते सहसा बदलत नाही. त्यापूर्वीच्या पंधरवड्यात मात्र बदलू शकते, आणि नातवंडांच्या पिढीला मराठी निवडता येईल की नाही, हे पुष्कळदा त्याच पंधरवड्यात ठरते.