जिना उजेडात आणणारे विद्यापीठाध्यक्ष

पवित्र भूमीच्या यात्रेला जाणाऱ्या भाविकांना जेरुसलेमच्या मंदिर-टेकडीच्या दक्षिणेस एक प्रशस्त दगडी जिना पाहायला मिळतो. त्याची एक पायरी रुंद, तर दुसरी अरुंद; त्यामुळे चढणाऱ्याची पावले आपोआप मंदावतात. प्रभू येशूच्या काळी या बाजूने यात्रेकरू मंदिरात जात. हा जिना उजेडात आणणारे प्रा. बेंजामिन मझार हे एका विद्यापीठाचे माजी अध्यक्ष होते, हे मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

मझार यांचा जन्म १९०६ साली, आज पोलंडमध्ये असलेल्या एका गावी झाला. जर्मनीत शिक्षण घेऊन १९२९ मध्ये ते पॅलेस्टाईनला आले. १९३६ पासून त्यांनी बेत शेआरीम येथील प्राचीन ज्यू दफनगुहांचे उत्खनन केले. पुढे तेल कासिले येथे त्यांनी पलिष्ट्यांचे नगर खणून काढले. नव्या इस्राएल राष्ट्राने दिलेला उत्खननाचा पहिला परवाना याच कामासाठी होता.

१९४८ च्या युद्धाने जेरुसलेम दुभंगले. १९२५ साली स्कोपस डोंगरावर उघडलेले हिब्रू विद्यापीठ शत्रुरेषेपलीकडे एकाकी पडले. ग्रंथालय व प्रयोगशाळा जागच्या जागी राहिल्या. विद्यार्थी व अध्यापक मात्र शहरात विखुरले. जिथे आसरा मिळेल तिथे वर्ग भरू लागले. फ्रान्सिस्कन संन्याशांच्या तेरा सान्ता महाविद्यालयाची वास्तूही या कामी आली, हे आम्हांस विशेष उल्लेखनीय वाटते.

अशा पडत्या काळात मझार १९५२ मध्ये रेक्टर व १९५३ मध्ये अध्यक्ष झाले. १९६१ पर्यंतच्या त्यांच्या अध्यक्षपदाच्या काळात गिवात राम येथे नवे विद्यासंकुल उभे राहिले. विखुरलेली खापरे जुळवून घडा उभा करणे हा ज्यांचा व्यवसाय, त्यांच्या वाट्याला विखुरलेले विद्यापीठ जुळवण्याचे काम यावे, हा योगायोग आम्हांस अर्थपूर्ण वाटतो.

पदावरून उतरल्यावर ते पुन्हा धुळीत उतरले. १९६८ ते १९७८ या काळात त्यांनी मंदिर-टेकडीच्या पायथ्याशी उत्खनन केले. इ. स. ७० मध्ये रोमनांनी मंदिर उद्ध्वस्त केले, त्या वेळी कोसळलेल्या शिळांत कर्णा फुंकण्याच्या जागेचा निर्देश करणारी, हिब्रू अक्षरे कोरलेली एक शिळाही त्यांना सापडली. मात्र ही भूमी १९६७ च्या युद्धात इस्राएलच्या ताब्यात आलेली. मुस्लिम बांधवांचा व युनेस्कोचा या उत्खननाला विरोध होता. तीन धर्मांना प्रिय असलेल्या त्या मातीत कुदळ मारली, की गतकाळाबरोबर वर्तमानाच्या जखमाही उघड्या पडतात. विद्वत्तेचा आदर करताना आपण हेही विसरू नये.

१९९५ मध्ये मझार निवर्तले. त्यांच्या उत्खननाच्या अहवालांचे खंड पुढे त्यांची नात, पुरातत्त्वज्ञ एलात मझार यांनी प्रसिद्धीस नेले. आजोबांनी खणलेले नातीने लिहून पूर्ण केले. विद्येचा वारसा असाच पिढीमागून पिढी, एकेक पायरी चढत जातो.