पाच दिवसांची मुदत

बृहदांत्राला व्रण पडून रक्ताचे जुलाब लागणाऱ्या विकाराला अल्सरेटिव्ह कोलायटिस हे नाव लंडनच्या सॅम्युएल विल्क्स यांच्या १८५९ मधल्या टिपणापासून चालत आले. इलाज मिळायला मात्र जवळजवळ शंभर वर्षे गेली. १९५५ मध्ये ऑक्सफर्डच्या ट्रुलव्ह आणि विट्स यांनी २१० रुग्णांवरील चाचणीचा अहवाल छापला. निम्म्यांना कॉर्टिझोन, बाकीच्यांना औषध नसलेली गोळी. सहा आठवड्यांत रोग शमला तो पहिल्या गटात ४१ टक्क्यांचा, दुसऱ्यात १६ टक्क्यांचा.

या आकड्यांपेक्षा मला त्यांनी केलेली 'तीव्र' या शब्दाची व्याख्या मोलाची वाटते. दिवसाला सहा किंवा अधिक रक्ताळ जुलाब, सोबत ताप, नव्वदीपुढे गेलेली नाडी, रक्तक्षय, वाढलेला ईएसआर. थर्मामीटर, घड्याळ आणि साधी प्रयोगशाळा एवढ्यावर भागते. म्हणून तर ती आजही टिकून आहे.

१९७४ मध्ये ट्रुलव्ह आणि ज्युएल यांनी शिरेवाटे स्टेरॉइड देऊन पाच दिवस वाट पाहिली. ४९ पैकी ३६ जण सावरले. ज्यांना गुण येत नसे, त्यांचे मोठे आतडे वेळेत काढायचे; कारण औषधावर भिस्त ठेवून शस्त्रक्रिया लांबवणे जिवावर बेतत असे. सर्जनला आधीपासून सोबत घेण्याची ही शिस्त मला त्या औषधाइतकीच महत्त्वाची वाटते.

१९९४ मध्ये स्टेरॉइडला न जुमानणाऱ्यांवर सायक्लोस्पोरिन आजमावले गेले: ११ पैकी ९ जणांना उतार पडला, प्लासिबोवरच्या नऊपैकी एकालाही नाही. २००५ च्या सुमारास इन्फ्लिक्सिमॅब आले. मुदत मात्र आखूडच होत गेली. १९९६ च्या ऑक्सफर्डच्याच अभ्यासानंतर डॉक्टर तिसऱ्या दिवशीच जुलाब मोजू लागले.