जुने आरपीजी कुठून सुरू करावेत?

२०२३ मध्ये 'बाल्डर्स गेट ३' आला आणि आजवर फक्त क्रिकेट, फुटबॉल आणि गोळीबार खेळणाऱ्या कित्येक लोकांना एकदम कळलं की गेममध्ये नुसत्या गप्पा मारूनही लढाई टाळता येते. मग २०२४ मध्ये प्राइमवर 'फॉलआउट' ही मालिका आली. तेव्हापासून एक प्रश्न सारखा कानावर येतो: "ह्या प्रकारातले जुने गेम खेळायचेत, सुरुवात कुठून करू?" नेटवर शोधलं की 'सर्वकालीन शंभर' छापाच्या याद्या मिळतात. त्या वाचून माणूस दहा गेम विकत घेतो, एकही उघडत नाही आणि रविवार संपतो.

उत्तर आधीच सांगून टाकतो. मधून सुरू करा आणि मागे मागे जा. आधी १९९७, मग १९८५, मग १९८०. हाच क्रम का, ते सांगायला थोडा इतिहास लागेल.

आम्हा भंडाऱ्याकडच्या लोकांना 'रोल प्लेइंग' म्हणजे काय हे वेगळं समजवावं लागत नाही. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी मंडई भरते आणि रात्री दंडार, खडी गंमत नाहीतर नाटक असतं. दिवसा धानाच्या बांधीत असलेला माणूस रात्री राजा होतो, प्रधान होतो, परंपरेने तर पुरुषच बाईचं सोंग घेत आले. सकाळी तोच माणूस पुन्हा बांधीत. सोंग घेतलं की त्या सोंगाला शोभेल तसं बोलायचं, समोरच्याने अचानक काही टाकलं तर तिथल्या तिथे उत्तर द्यायचं. रोल प्लेइंग गेमचं मर्म एवढंच आहे.

१९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन ह्या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ छापला. त्यात कॉम्प्युटर वगैरे काही नाही. टेबल, फासे, कागद-पेन्सिल आणि चार-पाच मित्र. प्रत्येकाने एक सोंग घ्यायचं. पण एक गडी वेगळा बसतो, त्याचं नाव डंजन मास्टर. तो आमच्या सूत्रधारासारखा. समोर काय दिसतंय ते तो सांगतो, नियम तोच लावतो, बाकी सगळी पात्रं तोच वठवतो. आणि खेळाडूने पुस्तकात नसलेलं काहीतरी केलं तर निवाडाही तोच देतो.

आता मुद्दा. कॉम्प्युटरवरच्या आरपीजीचा सगळा इतिहास म्हणजे ह्या एका माणसाला प्रोग्रॅममध्ये कसं बसवायचं ह्याची खटपट आहे. पूर्ण माणूस कधीच बसला नाही. प्रत्येक पिढीने त्याचा एकेक तुकडा बसवला: कोणी त्याचे नियम, कोणी त्याचा निवाडा, कोणी त्याचं बोलणं. तुम्हाला त्यातला कुठला तुकडा आवडतो त्यावर तुमची सुरुवात ठरते.

खटपट लगेच सुरू झाली होती. १९७५ मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या 'प्लेटो' ह्या शैक्षणिक यंत्रणेवर रस्टी रदरफर्ड नावाच्या माणसाने एक गेम लिहिला. फाइलचं नाव 'पेडिट५'. असलं कोरडं नाव का, तर ती फाइल त्याच्या गटाला अभ्यासाच्या कामासाठी दिलेली होती. ॲडमिन लोकांना सुगावा लागला की ते ती उडवायचे. सर्व्हरवर 'टेस्ट_फायनल_२' नावाचं फोल्डर लपवलेल्या तमाम इंजिनिअर बंधू-भगिनींना हे आपलंच वाटेल. :)

मग सुरुवात तिथूनच का करू नये? इतिहास आहे तर पहिल्या पानापासून वाचावा की! अडचण अशी की जुन्या गेमचा अर्धा भाग कॉम्प्युटरच्या बाहेर होता. १९८१ चा 'विझार्ड्री' घ्या. अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड ह्या कॉर्नेलच्या दोन विद्यार्थ्यांनी ॲपल टूसाठी लिहिलेला. दहा मजली भुयार, प्रत्येक मजला वीस बाय वीस चौकटींचा, आणि नकाशा नाही. नकाशा तुम्ही ग्राफ पेपरवर काढायचा. १९८८ च्या 'पूल ऑफ रेडियन्स'मध्ये महत्त्वाचा प्रसंग आला की गेम सांगतो, सोबतच्या पुस्तिकेतली अमुक क्रमांकाची नोंद वाचा. कारण एवढा मजकूर फ्लॉपीत मावत नव्हता. तेव्हाच्या खेळणाऱ्याला ह्यात मजा होती. आज आपण थेट त्यात उडी मारली तर वीस मिनिटांत भिंतीला डोकं आपटून परत येतो आणि 'जुने गेम बोअर असतात' असं कायमचं ठरवून टाकतो. तो निष्कर्ष टाळायचा म्हणून हा उलटा क्रम.

पहिला: 'फॉलआउट' (१९९७). टिम केन ह्या प्रोग्रॅमरने इंटरप्ले कंपनीत आधी जवळजवळ एकट्यानेच ह्याचं काम सुरू केलं. अणुयुद्धानंतरचं जग. काही लोक जमिनीखालच्या बंकरमध्ये पिढ्यानपिढ्या राहतायत. त्यांच्या पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातली एक चिप बिघडते, आणि ती शोधायला तुम्हाला बाहेर पाठवतात. मुदत १५० दिवस.

ज्याच्या गावाचा धान मामा तलावावर अवलंबून आहे त्याला ह्या कथेची तळटीप लागत नाही. (बाहेरच्यांसाठी: मामा म्हणजे माजी मालगुजारी तलाव. भंडारा-गोंदियाला तलावांचे जिल्हे म्हणतात ते ह्यांच्यामुळे. कोहळी समाजाने पिढ्यानपिढ्या हे तलाव बांधले आणि राखले.) तलावाचं तुडुम बिघडलं की अख्ख्या गावाची झोप उडते. 'फॉलआउट'चा पहिला अर्धा भाग म्हणजे तीच उडालेली झोप.

डंजन मास्टरचं बोलणं इथे सगळ्यात चांगलं उतरलं आहे. तुमच्या पात्राची बुद्धी अगदी कमी ठेवली तर त्याला नीट वाक्यच बोलता येत नाही, आणि समोरचे लोक त्याला तसंच वागवतात. एकाच अडचणीतून चोरी करून, बोलून किंवा मारामारी करून बाहेर पडता येतं. शेवटच्या खलनायकालासुद्धा तर्काने हरवता येतं, मात्र त्यासाठी आधी फिरून पुरावा गोळा करावा लागतो. गेम वीसेक तासांत संपतो, साध्या लॅपटॉपवर चालतो, ग्राफिक्स कार्ड लागत नाही. सुरुवातीला ह्याच्याइतका सोयीचा दुसरा नाही.

दुसरा: 'अल्टिमा ४' (१९८५). आता बारा वर्षं मागे. रिचर्ड गॅरियट हा टेक्सासमधला पोरगा. त्याने १९७९ मध्ये 'अकालाबेथ' लिहिला तेव्हा तो शाळेत होता आणि कॉम्प्युटरच्या दुकानात काम करत होता. गेमच्या डिस्का प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्याच दुकानात विकल्या. पुढे 'अल्टिमा' मालिका जोरात चालली. पण पहिल्या तिन्ही भागांत तेच: दुष्ट शोध, दुष्ट मार. चौथ्यात त्याने दुष्टच काढून टाकला.

'अल्टिमा ४'मध्ये मारायला अंतिम शत्रू नाही. आठ सद्गुण आहेत: प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, इभ्रत, अध्यात्म आणि नम्रता. ते अंगी बाणवून 'अवतार' व्हायचं, हाच गेम. 'अवतार' हा शब्द त्याने आपल्याकडूनच उचलला. पात्र तयार करताना शक्ती किती, चपळाई किती असले आकडे विचारत नाहीत, तुमच्यापुढे धर्मसंकटं टाकतात. गेममध्ये औषधी विकणारी एक आंधळी बाई आहे. किती पैसे द्यायचे ते तुम्हीच टाइप करायचं. कमी दिले तरी ती काही बोलत नाही, स्क्रीनवरही काही येत नाही. आत कुठेतरी एक आकडा गुपचूप कमी होतो आणि त्याची फळं पुढे भोगावी लागतात.

आपल्याकडे मोक्षपट होता, परंपरा त्याचं नातं ज्ञानेश्वरांशी जोडते. सद्गुणाची शिडी वर नेते, दुर्गुणाचा साप खाली आणतो. पण तिथे दान पडेल तसं चढायचं-उतरायचं. गॅरियटने फासे काढून घेतले आणि पायरी तुमच्या वागण्यावर टाकली. डंजन मास्टरमधला न्यायाधीश पहिल्यांदा प्रोग्रॅममध्ये बसला तो इथे. चित्रं अगदी ओबडधोबड आहेत हे खरं, पण 'फॉलआउट' खेळून झालेल्या माणसाला आपण काय शोधतोय ते माहीत असतं, त्यामुळे ती खटकत नाहीत. 'जीओजी'वर हा गेम फुकट मिळतो, सोबतच्या पुस्तिकाही मिळतात. त्या आधी वाचा. त्या वाचल्याशिवाय खेळणं म्हणजे नाटकाला मध्यंतरानंतर जाऊन बसणं.

तिसरा: 'रोग' (१९८०). मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन ह्या कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांचं काम, नंतर केन अर्नोल्ड सामील झाला. हा अर्नोल्ड म्हणजे युनिक्सवरची 'कर्सेस' लायब्ररी लिहिणारा. चित्र नाहीच, सगळी अक्षरं. तुम्ही म्हणजे '@' हे चिन्ह. प्रत्येक खेळीला भुयार नव्याने तयार होतं, आणि मेलात की मेलात, जुना सेव्ह उघडून परत येणं नाही. बर्कलेच्या युनिक्ससोबत हा जगभरच्या विद्यापीठांत पोचला.

इथे डंजन मास्टरचं बोलणं नाही, निवाडा नाही. फक्त नियम आणि फासे. खेळाचा सांगाडा उघडा दिसतो, म्हणून हा सगळ्यात शेवटी. ज्यांना हा रुचेल त्यांनी त्याचा १९८७ चा वंशज 'नेटहॅक' घ्यावा. तोही फुकट आहे, त्याचा सोर्सही खुला आहे. आयुष्य पुरणार नाही.

वाचनाची आवड जास्त असेल तर 'फॉलआउट'च्या जागी १९९९ चा 'प्लेनस्केप: टॉर्मेंट' चालेल. नायकाला मरण नाही आणि स्वतःचं नावही आठवत नाही. मजकूर सुमारे आठ लाख शब्दांचा, म्हणजे मारामारी कमी आणि कादंबरी जास्त. २०१७ ची सुधारित आवृत्ती फोनवरही चालते. आणि 'विझार्ड्री' बघायचाच असेल तर २०२४ चा नवा अवतार घ्या. तिथे कोपऱ्यात १९८१ ची मूळ स्क्रीन चालू ठेवता येते.

आता कोणी विचारेल, हे सगळं आम्हाला तेव्हाच मिळालं काहून नाही? कारण साधं आहे. आपल्यातल्या बहुतेकांचं गेमिंग सायबर कॅफेत झालं, तासाच्या हिशोबाने. तासाभराच्या पैशात 'रोड रॅश' होतो, 'काउंटर-स्ट्राइक' होतो. वीस-चाळीस तास चालणारा, सेव्ह जपावा लागणारा आणि भरभरून इंग्रजी वाचायला लावणारा गेम होत नाही. अख्खा एक साहित्यप्रकार आपल्या पिढीच्या बाजूने निघून गेला. आता कमाई आहे, लॅपटॉप आहे, इंग्रजीची भीती गेली आहे. वेळ तेवढा कमी आहे, आणि म्हणूनच क्रम महत्त्वाचा.

घाई करण्याचं आणखी एक कारण आहे. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये अभ्यास केला, तेव्हा २०१० पूर्वी तिथे निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात विकतच मिळत नाहीत असं दिसलं. खुद्द 'फॉलआउट'चं बघा. कंपनी सोडताना आपल्याजवळचं सगळं नष्ट करायला लावलं, असं टिम केनने सांगितलं होतं. मूळ सोर्स कोड गेलाच असं सगळे धरून चालले होते. २०२५ मध्ये इंटरप्लेच्या एक संस्थापक रिबेका हाइनमन ह्यांनी सांगितलं की त्यांनी त्याची प्रत जपून ठेवली आहे. एका व्यक्तीच्या सवयीमुळे तो वाचला. बॅकअपची पॉलिसी असलेल्या आपल्या धंद्यात ही गोष्ट ऐकून घाम फुटायला हवा.

दंडारीचं तरी वेगळं काय? ती कुठे छापलेली नव्हती, करणाऱ्यांच्या तोंडात होती. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या माणसांनी झाडीबोली आणि तिथल्या लोककला नोंदवून ठेवल्या म्हणून त्यातलं बरंच हाताशी राहिलं. पण नोंद झाली तरी ती करणारा आणि रात्रभर बसून बघणारा लागतोच. गेमचंही तसंच आहे. डिस्क जपली, कोड जपला, आणि 'अल्टिमा ४'मधली ती आंधळी बाई काय मोजते हे माहीत असलेला माणूसच उरला नाही, तर जपलं काय?

असो. कामाचं सांगतो. 'फॉलआउट' सुरू करताना बुद्धी आणि चपळाई चांगली ठेवा, बोलण्याच्या कौशल्यावर एक खूण करा, मारामारीचं एखादं हत्यार शिकून घ्या. वेगवेगळ्या नावांनी सेव्ह करत रहा. १५० दिवस ऐकायला भरपूर वाटतात, पण वाळवंटात नुसतं चालण्यातच ते भराभर जातात, त्यामुळे पहिल्या गावात रेंगाळू नका. पाणी आणून झालं की मग निवांत हिंडा.