नवजात श्वासावरोध

जन्मापूर्वी, प्रसूतीच्या वेळी किंवा जन्मानंतर लगेच बाळाच्या शरीराला, विशेषतः मेंदूला, पुरेसा ऑक्सिजन न मिळण्याच्या अवस्थेस नवजात श्वासावरोध असे म्हणतात. ‘बाळ जन्मल्यावर रडले नाही’ हे तिचे घरोघरी केले जाणारे वर्णन सोयीचे असले तरी अपुरे आहे. न रडताही नियमित श्वास घेणारे बाळ निरोगी असू शकते. उलट क्षीण रडून नंतर धापा टाकणारे बाळ धोक्यात असू शकते.

गर्भाला ऑक्सिजन वारेतून व नाळेतून मिळतो. प्रसूती अडणे, वार वेळेआधी सुटणे, नाळ बाळाच्या आधी खाली सरकून दाबली जाणे किंवा गर्भाशय फाटणे यांमुळे हा पुरवठा खंडित होतो.

लक्षणे

प्रसूतीदरम्यान गर्भाच्या हृदयाचे ठोके मंदावणे ही धोक्याची सूचना असते. बाळाने गर्भातच शी केल्याने गर्भजल हिरवट होणे हेही सावध करणारे चिन्ह आहे, मात्र केवळ त्यावरून निदान होत नाही. जन्मानंतर बाळ लुळे पडते, श्वास घेत नाही किंवा अधूनमधून आचके देते आणि हृदयाचे ठोके मिनिटाला १०० पेक्षा कमी होतात. पहिल्या काही मिनिटांत हातपाय निळसर दिसणे स्वाभाविक आहे. ओठ व जीभ निळीच राहणे मात्र गंभीर होय.

अमेरिकी भूलतज्ज्ञ व्हर्जिनिया ॲपगार यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गुणांकात ठोके, श्वसन, स्नायूंचा ताण, प्रतिक्षिप्त प्रतिसाद व रंग यांना प्रत्येकी ० ते २ गुण दिले जातात. तो पहिल्या व पाचव्या मिनिटाला मोजतात, परंतु उपचार त्यासाठी थांबवत नाहीत.

परिणाम

रक्तपुरवठा पूर्ववत झाल्यावर मेंदूतील पेशी काही काळ सावरतात, पण काही तासांनी त्यांची ऊर्जानिर्मिती पुन्हा ढासळू शकते. त्यामुळे सावरलेल्या वाटणाऱ्या बाळालाही पहिल्या दिवसातच झटके येऊ शकतात. सौम्य अवस्थेत बाळ अतिसावध व चिडचिडे, मध्यम अवस्थेत सुस्त, तर तीव्र अवस्थेत बेशुद्ध असते. मूत्रपिंडे, यकृत व हृदय यांनाही इजा पोहोचते. पुढे सेरेब्रल पाल्सी, अपस्मार, बौद्धिक विकासातील अडथळे, दृष्टिदोष किंवा श्रवणदोष संभवतात. तथापि सेरेब्रल पाल्सीची बहुसंख्य प्रकरणे जन्मकालीन श्वासावरोधामुळे उद्भवत नाहीत. म्हणून अशा प्रत्येक मुलामागे प्रसूतीतील हलगर्जीपणा शोधणे अन्यायाचे ठरते.

उपचार

बाळाला कोरडे करून ऊब देणे व पाठ चोळणे पुरेसे न ठरल्यास पहिल्या मिनिटातच अंबू बॅग व मास्कने श्वास द्यावा लागतो. पूर्ण दिवसांच्या बाळासाठी सुरुवातीला साधी हवा चालते. बाळाला उलटे धरणे, चापट्या मारणे किंवा थंड पाणी शिंपडणे हे जुने उपाय घातक आहेत.

श्रीमंत देशांत जन्मानंतर सहा तासांच्या आत बाळाचे तापमान ३३ ते ३४ अंश सेल्सियसपर्यंत उतरवून ७२ तास तसे ठेवतात. भारत, श्रीलंका व बांगलादेश येथील रुग्णालयांत झालेल्या व २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हेलिक्स’ चाचणीत मात्र या शीतोपचाराने लाभ झाला नाही, उलट मृत्यू वाढले.

महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यातील ‘सर्च’ संस्थेत डॉ. अभय व राणी बंग यांनी १९९० च्या दशकात गावातल्याच महिलांना घरच्या प्रसूतीत बाळाला श्वास देण्याचे प्रशिक्षण दिले. त्या गावांत श्वासावरोधाने होणारे मृत्यू घटले. जन्मवेळच्या पुनरुज्जीवनाचे प्रशिक्षण देणारा नवजात शिशू सुरक्षा कार्यक्रम केंद्र सरकारने २००९ मध्ये सुरू केला.