एका अंशाची ज्या

ग्रहगणित करावयाचें म्हणजे ज्योतिष्याजवळ ज्या-कोष्टक हवेंच. काटकोन त्रिकोणांत कोनासमोरील बाजूस कर्णानें भागलें असतां जें गुणोत्तर येतें, ती त्या कोनाची ज्या. सारें कोष्टक एका अंशाच्या ज्येवर उभें राहतें. त्या आंकड्यांत बारीकशी चूक राहिली कीं ती प्रत्येक ओळींत उतरते. आणि नेमकी तीच ज्या हातीं लागत नव्हती. तीन अंशांची ज्या भूमितीनें हवी तितकी सूक्ष्म काढतां येते. तिच्यावरून एका अंशाची काढणें म्हणजे कोनाचे तीन समभाग करणें, आणि तें पट्टी-कंपासाच्या आवांक्याबाहेरचें. टॉलेमीनें दुसऱ्या शतकांत दोन मर्यादांमध्यें तिला कोंडून काम भागविलें होतें.

समरकंदास उलुघ बेगाच्या पदरीं असलेल्या जमशीद अल्-काशीनें ही गांठ बीजगणितानें सोडविली. एका अंशाची ज्या क्ष मानल्यास, क्षच्या तिपटींतून क्षच्या घनाची चौपट वजा करतां तीन अंशांची ज्या येते. म्हणजे क्ष काढावयास क्षचाच घन हवा! पण क्ष इतका लहान कीं त्याचा घन नाममात्रच. तो प्रथम सोडून द्यावा आणि तीन अंशांच्या ज्येचा तृतीयांश घ्यावा: ०·०१७४४५३१९. आतां याच्या घनाची चौपट तीन अंशांच्या ज्येंत मिळवून पुन्हां तिनानें भागावें: ०·०१७४५२३९८. आणखी एक फेरी: ०·०१७४५२४०६. दर फेरीस चूक सुमारें आठशेव्या हिश्श्यावर येते. येथें सोयीसाठीं दशांश घेतले; अल्-काशीनें षष्टिमान अपूर्णांकांत एकेक स्थान निश्चित करीत हेंच केलें, आणि त्याचें उत्तर दशांशाच्या १६ स्थळांपर्यंत बरोबर आहे. तो १४२९ मध्यें वारला. न्यूटनचा जन्म अजून दोनशें वर्षांहून दूर होता. वक्राची चढण मोजणाऱ्या चलनकलनाची येथें गरजच पडली नाहीं.

रीत सर्वत्र चालते असें मात्र नव्हे. शोधावयाची ज्या अर्ध्याहून मोठी, म्हणजे कोन तीस अंशांपलीकडचा असेल, तर प्रत्येक फेरी उत्तरापासून दूर नेते.

अशा पुनःपुन्हां करावयाच्या गणितास आपले ज्योतिषी असकृत्कर्म म्हणत. काशीस १६५८ मध्यें ‘सिद्धान्ततत्त्वविवेक’ लिहिणाऱ्या कमलाकरानें कोनाच्या तिसऱ्या हिश्श्याची ज्या याच मार्गानें काढली आहे. त्याचें घराणें मूळचें गोदातीरावरील गोलग्रामचें.