डिसडायाडोकोकायनीशिया

डिसडायाडोकोकायनीशिया ही चेताशास्त्रातील एक संज्ञा आहे. परस्परविरुद्ध हालचाली एकीमागून एक जलद व तालबद्ध करण्याच्या क्षमतेत आलेला बिघाड असा तिचा अर्थ आहे. हे प्रामुख्याने लहान मेंदूच्या (निमस्तिष्काच्या) विकारांचे लक्षण मानले जाते.

व्युत्पत्ती व रचना

ही संज्ञा तीन ग्रीक घटकांपासून बनली आहे : ‘दुस्’ (वाईट, सदोष), ‘दिआदोखोस’ (मागून येणारा, उत्तराधिकारी) आणि ‘किनेसिस’ (हालचाल). ग्रीक ‘दुस्’ आणि ‘दुष्कर’, ‘दुर्लभ’ या शब्दांतील संस्कृत ‘दुस्/दुर्’ हे उपसर्ग एकाच मूळ भाषेतून आलेले आहेत. ‘दिआदोखोस’ हा शब्द इतिहासातही परिचित आहे. इ.स.पू. ३२३ मध्ये अलेक्झांडरच्या मृत्यूनंतर त्याचे साम्राज्य वाटून घेणाऱ्या सेनापतींना डायाडोकाय म्हणतात. सेल्युकस हा त्यांपैकीच एक होय.

फ्रेंच चेतातज्ज्ञ जोसेफ बाबिन्स्की यांनी १९०२ मध्ये लहान मेंदूच्या कार्याचे विवेचन करताना ‘डायाडोकोकायनीशिया’ ही संकल्पना मांडली. ही क्षमता पूर्णपणे नष्ट झाल्यास नकारार्थी ‘अ’ जोडून ‘अडायाडोकोकायनीशिया’ म्हणतात. हा ‘अ’देखील संस्कृत ‘अ’चा सजातीय आहे.

उच्चार

शब्दाची फोड डिस–डायाडोको–कायनीशिया अशी होते. मुख्य आघात ‘नी’वर येतो. ‘काय’ऐवजी ‘कि’ आणि ‘शिया’ऐवजी ‘झिया’ असेही उच्चार प्रचलित आहेत. रोमन लिपीतील ‘सीएच’ ही अक्षरे पाहून ‘डोचो’ असे वाचणे चुकीचे आहे. ती अक्षरे ग्रीक ‘खी’ या वर्णासाठी येतात. प्राचीन ग्रीकमध्ये त्याचा उच्चार ‘ख’च्या जवळचा होता, इंग्रजीत तो ‘क’ होतो.

वैद्यकीय तपासणी

रुग्णाला एक हात मांडीवर किंवा दुसऱ्या तळहातावर आळीपाळीने पालथा व उताणा, जलद आपटण्यास सांगतात. लहान मेंदूच्या विकारात एका स्नायुगटाचे कार्य थांबवून विरुद्ध गटाचे सुरू करण्याची वेळ चुकते. त्यामुळे हालचाल संथ तर होतेच, शिवाय तिचा ताल व आवाकाही अनियमित होतो. लहान मेंदूच्या एकाच अर्धगोलात बिघाड असल्यास लक्षण शरीराच्या त्याच बाजूला दिसते. वाचेच्या तपासणीत ‘प-ट-क’ ही अक्षरे भरभर उच्चारण्यास सांगतात.

मल्टिपल स्क्लेरोसिस, फ्रीडरिक अटॅक्सिया तसेच लहान मेंदूतील अर्बुद किंवा रक्तपुरवठ्यातील अडथळा यांमुळे हे लक्षण उद्भवू शकते. स्नायूंची दुर्बलता व पार्किन्सन आजार यांतही अशा हालचाली मंदावतात. म्हणून केवळ मंदपणावरून निदान करता येत नाही. संज्ञेच्या रचनेतही हाच भेद आहे : दोष हालचालींच्या क्रमिकतेत असतो, स्नायूंच्या बळात नव्हे.