रेंज फुल, पण नेट गायब! लांब पल्ल्याच्या फायबरमधला लेझर ट्रान्समीटर कसं काम करतो?

गेल्या पावसाळ्यात मोखाड्याकडच्या माझ्या मामेबहिणीचा फोन आला. "दादा, शिष्यवृत्तीच्या फॉर्मचा आज शेवटचा दिवस आहे. रेंज फुल दाखवतंय, पण पेजच उघडत नाही." फोन लागतोय, दांड्या पूर्ण, आणि नेट शून्य. शेवटी तिने एसटीने जव्हार गाठलं, तेव्हा पोर्टल बंद व्हायला तासच उरला होता. रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडली होती, हे नंतर कळलं.

रेंजच्या दांड्या फक्त तुमचा मोबाईल आणि टॉवर यांच्यातला सिग्नल दाखवतात. टॉवरच्या पुढचा प्रवास बऱ्याच ठिकाणी जमिनीखालच्या काचेच्या तारेतून, म्हणजे ऑप्टिकल फायबरमधून होतो. त्या तारेच्या टोकाला जो प्रकाश पाठवतो, तो लेझर ट्रान्समीटर. आज त्याचीच माहिती घेऊया.

लेझर ट्रान्समीटर म्हणजे काय?

बोटाएवढं एक मॉड्यूल असतं, त्याला एसएफपी म्हणतात. त्याच्या आत तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान लेझर चिप असते. तुमचा मेसेज शेवटी 0 आणि 1 असतो. प्रकाश जास्त म्हणजे 1, कमी म्हणजे 0. सेकंदाला 10 गिगाबिट पाठवायचे, तर ही उघडझाप सेकंदाला 1000 कोटी वेळा होते. साधा एलईडी इतका चपळ नाही, आणि त्याचा प्रकाश केसाएवढ्या फायबरच्या गाभ्यात नीट शिरतही नाही. म्हणून लेझर लागतो.

हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. लांब पल्ल्यासाठी मुख्यतः दोन तरंगलांबी वापरतात: 1310 आणि 1550 नॅनोमीटर. 1310 ला दर किलोमीटरला साधारण 0.35 डेसिबल घट होते, तर 1550 ला फक्त 0.2 च्या आसपास. म्हणून अंतर वाढलं की 1550 निवडतात.

जव्हार ते मोखाडा: हिशोब करून बघा

लक्षात ठेवा, 3 डेसिबल घट म्हणजे प्रकाश अर्धा. 10 डेसिबल म्हणजे दहावा भाग, 20 म्हणजे शंभरावा.

समजा, जव्हारहून मोखाड्यापर्यंत 25 किलोमीटर फायबर आहे. 1550 वर घट होईल 25 × 0.2 = 5 डेसिबल. म्हणजे जवळपास एक तृतीयांश प्रकाश पोचतो. काहीच अडचण नाही.

पण आपल्याकडे केबल सारखी तुटते. घाटात दरड, रस्त्याचं खोदकाम, काही ना काही चालूच असतं. प्रत्येक वेळी मधे नवा तुकडा टाकला की दोन जोड वाढतात. एका जोडाला 0.1 डेसिबल धरा. दहा वेळा तुटली, तर 20 जोड, म्हणजे 2 डेसिबल. हे 10 किलोमीटर जास्त फायबर टाकल्यासारखं झालं! जोड घाईत, चिखलात केला तर घट आणखी वाढते. म्हणून लाईन आखताना सुरुवातीलाच काही डेसिबल राखीव ठेवावे लागतात.

मग जास्त ताकदीचा लेझर लावला की झालं?

नाही. दुसरी अडचण आहे प्रकाश पसरण्याची. स्वस्तातला फॅब्री-पेरो लेझर एकाच वेळी अनेक जवळजवळच्या तरंगलांबी सोडतो. काचेत प्रत्येकीचा वेग थोडा वेगळा. त्यामुळे पुढे गेल्यावर एक ठोका दुसऱ्यात मिसळतो. एका गाडीतून निघालेली वरात, पण पोचताना कोणी पुढे, कोणी मागे, तसंच.

उपाय म्हणजे डीएफबी लेझर. याच्या चिपमध्येच अतिसूक्ष्म खाचा असतात, त्या एकच तरंगलांबी टिकवून ठेवतात. आणखी लांब जायचं असेल, तर लेझर सतत चालू ठेवतात आणि उघडझाप वेगळा मॉड्युलेटर करतो. कारण करंट कमी-जास्त केला की लेझरची तरंगलांबीही हलते.

10 गिगाबिटच्या मॉड्यूलवर एलआर म्हणजे 10 किलोमीटर, ईआर म्हणजे 40 आणि झेडआर म्हणजे 80, असा साधा अंदाज धरा. मात्र 80 किलोमीटरचं मॉड्यूल दोन मीटरच्या वायरने समोरासमोर जोडू नका. जास्त प्रकाशाने समोरचा रिसीव्हर जळू शकतो. तिथे प्रकाश कमी करणारा अॅटेन्युएटर लावतात.

शेकडो किलोमीटर असतील तर?

साधारण दर 80 किलोमीटरला अर्बियम धातू मिसळलेल्या फायबरचा अॅम्प्लिफायर बसवतात. तो प्रकाशाचं विजेत रूपांतर न करताच त्याला वाढवतो. मुंबईच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या समुद्राखालच्या केबल याच तत्त्वावर चालतात.

ग्रामपंचायतीतलं फायबर

ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेणाऱ्या योजनेला केंद्राने ऑक्टोबर 2011 मध्ये मंजुरी दिली. पुढे तिचं नाव भारतनेट झालं. त्यात जीपॉन तंत्र बऱ्याच ठिकाणी वापरलंय. एकाच तारेत खाली येणारा डेटा 1490 वर आणि वर जाणारा 1310 वर. म्हणजे पंचायतीतल्या त्या छोट्या डब्यातही एक लेझर आहे. लाईट गेली आणि बॅटरी उतरली, तर फायबर धड असूनही नेट बंद!

हे लक्षात ठेवा

तुटलेल्या फायबरच्या टोकात कधीही डोकावू नका. प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. रस्त्याकडेला उघडी केबल दिसली, तर ओढू-वाकवू नका, ग्रामपंचायतीत सांगा. आणि रेंज फुल असून नेट नसेल, तर मोबाईल दहा वेळा रिस्टार्ट करत बसू नका. दुसऱ्या कंपनीचं सिम वापरून बघा, तिची केबल कदाचित वेगळ्या वाटेने आली असेल. फॉर्म मात्र शेवटच्या दिवसावर ठेवू नका. माझी बहीण आता चार दिवस आधीच भरते.